अर्पणपत्रिकेतला एक शब्द

प्रिय टिल्लू,

तुझं पुस्तक वाचून झालं. फोनवर तू दर वेळी विचारतोस, 'ताई, कसं वाटलं?' आणि मी दर वेळी 'छान आहे रे, सविस्तर नंतर बोलू' म्हणून विषय बदलते. ते 'नंतर' आज आलंय. फोनवर बोलले असते तर माझा आवाज चढला असता, तू तुझ्या त्या मुलाखतीतल्या मऊ आवाजात 'ताई, तू आधी शांत हो' म्हणाला असतास, आणि मग मी जी भडकले असते ते तुझ्या भाऊजींना निस्तरत बसावं लागलं असतं. कागदावर मला कोणी मध्येच तोडत नाही. तेव्हा नीट बस, मोबाइल पालथा घाल आणि शेवटपर्यंत वाच. आधी शेवटचं पान उघडून बघायची तुझी लहानपणापासूनची खोड आहे, ती आज तरी आवर.

तुला जे ऐकायचंय ते आधी सांगून टाकते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. पुस्तक चांगलं आहे. हेरकथांचं वेड तुला मीच लावलं, तेव्हा एवढं म्हणायचा हक्क मला आहे. वाचनालयातून आणलेल्या त्या कोपरे दुमडलेल्या कादंबऱ्या मी तुला जेवणाच्या टेबलाखाली बसून वाचून दाखवायचे, आणि तू प्रत्येक नवा माणूस आला की विचारायचास, 'ताई, हा आपल्यातला की त्यांच्यातला?' तुझ्या पुस्तकात ते शेवटपर्यंत कळत नाही, हे मला आवडलं. तुझा नायक परक्या शहरात रोपवाटिका चालवतो, सगळे त्याला 'माळी' म्हणतात, आणि त्याचा वरिष्ठ, ज्याला तो फक्त 'मामा' म्हणतो, कधीच समोर येत नाही, नुसता इअरफोनमधून बोलतो, हे झकास जमलंय. चालीवरून माणूस ओळखणाऱ्या कॅमेऱ्यांना चकवायला तो एका बुटात खडा घालून लंगडतो, तिथे तर मी एकटीच हसले. तुझ्या भाऊजींनी पुस्तक हातातून खाली ठेवलं नाही. आता ते इमारतीच्या गेटवरच्या कॅमेऱ्याखालून जाताना उगाच खांदे पाडून चालतात आणि रखवालदार त्यांना पाठीला काय झालं म्हणून विचारतो.

आणि चौकशीचं ते प्रकरण. माळी पकडला जातो आणि तो अधिकारी त्याला मारत नाही, धमकावत नाही, नुसतं पुन्हा पुन्हा विचारतो, परवा सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग. माळी प्रत्येक वेळी तस्संच सांगतो, आणि त्यातच अडकतो. खरं आठवणारा माणूस अडखळतो, कधी दूध उतू गेलं म्हणतो, कधी नाही म्हणतो. पाठ केलेला माणूस न अडखळता तेच ते सांगत जातो, असं तो अधिकारी म्हणतो. हे तुला कुठून सुचलं माहीत नाही, पण ते पान मी दोनदा वाचलं. हे वाक्य लक्षात ठेव, मला ते पुढे लागणार आहे.

कौतुक संपलं. आता माझं ऐक.

तुझ्या त्या माळ्याची बायको काय करते रे? मायदेशात मागे ठेवलेली त्याची खरी बायको. मी शोधून शोधून वाचलं. ती खिडकीत उभी राहते. कधी पडदा सरकवते, कधी काचेवर कपाळ टेकते. एकदा तिच्या हातातला चहा गार होतो. बस. नवरा नाहीसा झाल्यावर तिचं घर कशावर चालतं, मुलांची पुस्तकं कोण आणतं, पाण्याचा नळ बिघडला की प्लंबरच्या मागे कोण लागतं, हे तुझ्या त्या जाडजूड पुस्तकात एका ओळीतसुद्धा नाही. टिल्लू, आपण ज्या घरात वाढलो तिथे खिडकीत उभं राहायला कोणाला फुरसत होती? आई रुग्णालयाच्या टेलिफोन बोर्डावर बसायची. कानाला ते हेडफोन लावून लावून तिच्या एका कानामागे कायमचा वळ पडलाय, अजून आहे, आलास की बघ. तुझ्या शाळेचा डबा, माझे क्लास, तुझा मोडलेला हात, वर घरमालकाची कटकट, हे सगळं तिने त्या खुर्चीत बसून पार पाडलं. आणि तू तिला खिडकीत उभी केलीस. मला वाचताना असं वाटलं की उठावं आणि त्या बाईच्या हातात निदान एक झाडू तरी द्यावा.

माझंही सांगते, कारण राग आलाय तर सगळाच बाहेर पडू दे. मागच्या वर्षी तू मला तासन्‌तास फोन करून दाढेवर बसवलेल्या टोपीखाली काय काय लपवता येईल ते विचारलंस. मी हातातली कवळी बाजूला ठेवून तुला समजावत बसले. आमच्या दातांच्या लॅबमधल्या पोरी म्हणाल्या, मॅडम, भाऊ तस्करी करतो का? ती दाढ तुझ्या कादंबरीत फार महत्त्वाची निघाली, ठीक आहे. आणि पुस्तकाच्या मागे आभारात काय, तर 'कवळ्या तयार करणाऱ्या माझ्या भगिनीने दातांविषयी पुरवलेल्या मोलाच्या माहितीबद्दल ऋणी आहे.' भगिनी! जन्मात कधी मला भगिनी म्हणाला होतास? तुला पोहायला शिकवलं, तुझ्या पहिल्या नोकरीच्या मुलाखतीचा शर्ट इस्त्री केला, तुझी पहिली गोष्ट छापून आली तेव्हा तो अंक गळ्यात अडकवल्यासारखा मिरवला, आणि शेवटी माझी गत दातांवर आली. पण हे मी हसण्यावारी नेलं असतं. हे पत्र त्यासाठी नाही.

हे पत्र अर्पणपत्रिकेसाठी आहे.

आईच्या डोळ्यांचं तुला माहीत आहे. आता समोरच्या माणसाचा चेहरा मध्यभागी पुसल्यासारखा दिसतो तिला, कडा तेवढ्या दिसतात. अक्षर तर संपलंच. म्हणून लॅबमधून मी दुपारी जेवायच्या सुट्टीत तिच्याकडे जाते, ती जेवते, मी वाचते. तुझं पुस्तक पोस्टाने आलं त्या दिवशी तिने आधी त्यावरून दोन्ही हात फिरवले, मग वास घेतला, मग म्हणाली, 'पहिल्यापासून वाच हं. एकदम गोष्टीत शिरू नकोस. छापखान्याचं नावसुद्धा वाच.' मी वाचलं. छापखाना वाचला, आवृत्ती वाचली, पान उलटलं, आणि पुढचं पान वाचायच्या आधी डोळ्यांखालून घालायचं मला सुचलं नाही. माझ्याच तोंडून बाहेर पडलं ते: 'बाबांना, जे "येतो" म्हणून घराबाहेर पडले.'

आईचा घास हातात राहिला. म्हणाली, 'परत वाच.' मी परत वाचलं. काय करणार होते?

टिल्लू, कादंबरीत तू काय वाटेल ते लिही. माळ्याला सहा पासपोर्ट दे, बोटीतून उडी मारायला लाव, गोळी खांद्यातून आरपार जाऊ दे आणि दुसऱ्या प्रकरणात त्याच खांद्यावर त्याला खताची गोणी उचलू दे, मी हूं की चूं करणार नाही. गोष्ट आहे, चालायचंच. पण अर्पणपत्रिका ही गोष्ट नसते. त्या पानावर लिहिणारा स्वतःच्या तोंडाने बोलत असतो. आणि त्या पानावर तू धडधडीत खोटं बोललास. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं. संध्याकाळी लॅबमध्ये एका म्हाताऱ्या शिक्षिकेचा पुढचा दात मी रागारागात इतका घासला की तो उंदराच्या दातासारखा झाला आणि पुन्हा सगळा करावा लागला.

बाबा 'येतो' म्हणाला नव्हता. (मी त्याला 'अहो-जाहो' करत नाही, तुला माहीत आहे. आज तर मुळीच करणार नाही.) बाबा 'जातो' म्हणाला होता. एरवी दर वेळी तो 'येतो' म्हणूनच निघायचा, कोणीही निघतो तसा. वजनकाटे दुरुस्त करायला गावोगाव जायचा, आठ-आठ दिवसांनी उगवायचा, आणि त्याच्या त्या तपकिरी पिशवीतली पितळी वजनं जिन्यावरून उतरताना खणखण वाजायची. त्या सकाळी मी आधीच शाळेत गेले होते. घरात आई आणि तू. तू दारातल्या पायरीवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होतास, तेव्हा तुला नुकत्याच यायला लागल्या होत्या आणि तू कोणाला हात लावू द्यायचा नाहीस. बाबा तुला ओलांडून बाहेर पडला आणि म्हणाला, 'बरं, जातो.' आई आतून ओरडली, 'अहो, जातो काय म्हणता? येतो म्हणा!' तो थांबला नाही. जिना उतरून गेला. आणि पिशवी वाजली नाही. त्यात कपडे होते.

हे मला आईने सांगितलं, आणि आईच्याही आधी तू सांगितलंस. मधल्या सुट्टीत माझ्या वर्गापाशी येऊन, एक नाडी सुटलेली, 'ताई, बाबा आज जातो म्हणाले आणि आई ओरडली.' सात वर्षांचा होतास, मजा म्हणून सांगत होतास. म्हणजे तुला माहीत आहे. तू विसरला आहेस असं मला सांगू नकोस. पुस्तकात पायरीवर बसून नाड्या बांधणारा मुलगा आहे, त्याच्या बुटाचा रंगसुद्धा बरोबर आहे. सगळं तसंच्या तसं ठेवलंस आणि तेवढा एक शब्द बदललास.

एका शब्दाचं काय एवढं, असं म्हणशील. सांगते. आई त्या शब्दावर जगली. तू लहान होतास, तुला ते कळलं नसेल. तो गेल्यावर शेजारपाजारचे, मावशी, रुग्णालयातल्या बायका, सगळे तिला म्हणायचे, येईल गं, पुरुषमाणूस आहे, डोकं फिरलं असेल, येईल. आणि ती म्हणायची, 'नाही. तो जातो म्हणाला. मी येतो म्हणा म्हटलं तरी म्हणाला नाही. माणूस खोटारडा होता, पण दारातून निघताना खरं बोलून गेला.' बोर्डावर बसणाऱ्या बाईचा कान होता तो, कोण काय बोललं ते त्यातून निसटत नसे. त्या खऱ्या बोलण्याचा तिने आधार घेतला. त्याचे कपडे देऊन टाकले, दाराला आतून नवीन कडी लावली, कपाटातला त्याचा कप्पा तुला दिला. ती वाट बघत बसली नाही, टिल्लू. आपलं लहानपण वाया गेलं नाही ते एवढ्याचसाठी.

आणि पुढे तो कुठे होता तेही आपल्या तिघांना माहीत होतं. दोन वर्षांनी तुला चष्म्याच्या डॉक्टरकडे घेऊन मी शहराच्या त्या टोकाला गेले होते. परतताना बसस्टॉपसमोरच्या केशकर्तनालयात तो खुर्चीत बसला होता, तोंडभर साबणाचा फेस, आणि मागच्या बाकावर एक एवढीशी मुलगी त्याचा चष्मा हातात धरून पाय हलवत बसली होती. आरशात त्याने आपल्याला पाहिलं. नीट पाहिलं. मग त्याने डोळे मिटले आणि न्हाव्याने वस्तरा फिरवायला घेतला. तू माझा हात ओढून विचारलंस, 'ताई, बाबा वेशांतर करतायत का?' मी म्हणाले, 'नाही. दाढी करतायत.' तेव्हा मी तुला खोटं सांगितलं नाही. टेबलाखालच्या गोष्टी टेबलाखाली, हे मला त्या वयातही कळत होतं. घरी येऊन मी आईला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, 'बरा दिसत होता?' मी हो म्हणाले. तिने तुझ्या चष्म्याची काच पुसली आणि तुझ्या नाकावर ठेवून बघितला. तो विषय तिथे संपला.

तुझ्या पुस्तकात तो संपला नाही. तुझ्या पुस्तकात माळी न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असतो, आरशात त्याला त्याची पोटची मुलं दिसतात, आणि समोर शत्रूची माणसं असल्यामुळे तो काळजावर दगड ठेवून डोळे मिटतो. बाकावरची मुलगी त्याच्या खोट्या संसारातली. तो संसार कामाचा भाग. काय सुंदर लिहिलंयस! समीक्षकांनी त्याच प्रकरणाचं कौतुक केलं, भाऊजींचे डोळे त्याच पानावर भरून आले. मी मात्र वाचताना एकच म्हणत होते: दाढी करत होता रे. दाढी करत होता. त्याला लाज वाटली, किंवा नुसता कंटाळा आला, म्हणून त्याने डोळे मिटले. त्याला गाठायला कुठली गुप्तहेर संघटना लागत नव्हती, एक बस लागत होती.

आता आईचं ऐक. पुस्तक संपायच्या आधीच ती बदलली. पहिली गोष्ट, इतकी वर्षं 'तो' असलेला बाबा एका दुपारी 'ते' झाला. 'ते तेव्हा बारीक झाले होते ना गं?' मला आधी कळेना कोणाबद्दल बोलतेय. मग म्हणाली, त्यांनी जिच्याशी दुसरा संसार मांडला त्या बाईचंही तसंच असेल, कामाचा भाग. मी म्हटलं, आई, ही गोष्ट आहे, टिल्लूने रचलेली. ती म्हणाली, 'त्याने बाहेर चौकशी केली असेल. लेखक लोकांना माहिती मिळते.' आणि मग मागच्या महिन्यात, मी भाजी चिरत होते, ती म्हणाली, 'ते येतोच म्हणाले होते गं. मीच चुकीचं ऐकलं. आत पाण्याचा आवाज होता.' टिल्लू, तिने चुकीचं ऐकलं! जिने आयुष्यभर ऐकण्याची नोकरी केली, ती म्हणते मी चुकीचं ऐकलं. मी तिला सांगितलं, अगं, तूच आम्हाला सांगायचीस. तर ती ती सकाळ सांगायला लागली. पूर्वी ती सांगायची तेव्हा दर वेळी काहीतरी वेगळं असायचं, कधी शर्ट निळा, कधी दूध उतू गेलेलं, कधी तू रडत होतास. आता न अडखळता सांगते. त्यांनी राखाडी कोट घातला होता, दारात वळून पाहिलं, येतो म्हणाले. राखाडी कोट! बाबाकडे जन्मात कोट नव्हता. कोट तुझ्या माळ्याचा आहे. आता आठवतंय तुझ्या त्या अधिकाऱ्याचं वाक्य?

पुढच्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला यायची होती. तुझ्याशी बोलूनच ठरवलं होतं: तिचा तिसरा मजला, लिफ्ट नाही, डोळ्यांचं हे असं. खोकी भरून झाली होती, तिची खोली रंगवून झाली होती, रंगसुद्धा तिनेच निवडला होता. आता ती म्हणते येणार नाही. एका दुपारी गेले तर खोक्यांतून भांडी परत मांडलेली, अंदाजाने, चाचपडत, कपांच्या जागी वाट्या. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, पत्ता बदलला तर त्यांना कसं कळणार? आतली कडी आता ती लावत नाही. दिवसभर दार नुसतं लोटलेलं. खाली गेट वाजलं की उठते आणि जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहते, कारण चेहरा दिसत नाही, पावलं ऐकायची असतात. मागच्या पंधरवड्यात तिथेच पाय घसरला. तुला मी 'मनगट जरा दुखावलंय' म्हणून सांगितलं होतं. जरा नाही, प्लास्टर आहे. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने ऐकलं म्हणून, नाहीतर पडून राहिली असती. तेव्हा बघ, तुझ्या पुस्तकातली ती बाई नुसती खिडकीत उभी राहते म्हणून मी हसत होते ना? आता आपली आई उभी राहते. तू तिला नेऊन उभी केलीस.

आणि वर मुलाखती. 'माझे वडील एके दिवशी घरातून गेले, ते कुठे गेले हे आम्हाला कधीच कळलं नाही.' मी स्वतः ऐकलं, लॅबमधल्या रेडिओवर, हातात मेण घेऊन. कळलं नाही? बसचा नंबरसुद्धा कळला होता आपल्याला! पोरी माझ्याकडे वळून बघायला लागल्या, मॅडम, तुम्ही कधी सांगितलं नाहीत. मी मूग गिळून बसले, कारण तिथे तोंड उघडलं असतं तर तुझी पार लाज निघाली असती. तुझ्या मनात काय असेल ते मला कळत नाही असं समजू नकोस. तुला एक बाप हवा होता, ज्याला जावं लागलं. मला तो नको होता का? मलाही हवा होता. पण मी त्याच्यासाठी आईकडची एकुलती एक खरी गोष्ट काढून घेतली नाही. तुला बाप रचायचा होता तर स्वतःपुरता रचायचास, उशाखाली ठेवून झोपायचंस. तिच्या हातात कशाला दिलास?

तरीही मी हे पत्र लिहिलं नसतं, तू पुढच्या खेपेला येशील तेव्हा समोरच तासायचं असं ठरवलं होतं. पण मागच्या सोमवारी लॅबमध्ये एका बाईचा फोन आला. आभाराच्या पानावरून तिने माझा माग काढला होता; या शहरात कवळ्या करणाऱ्या लॅब अशा किती असणार. म्हणाली, 'आपली ओळख नाही. मी त्यांची मुलगी.' आणि मग, 'बाबा गेले.' माझ्या तोंडावर आलं होतं की माहीत आहे, तेव्हा मी बारा वर्षांची होते. मग लक्षात आलं ती काय म्हणतेय. तुझं पुस्तक त्याच्या उशाशी होतं, टिल्लू. न्हाव्याचं प्रकरण तो नर्सना वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, हे माझ्यावर आहे. त्याला आवडलं तुझं पुस्तक. झालं समाधान? ऑपरेशनला आत नेताना तो तिला 'येतो' म्हणाला होता. 'येतो म्हणाले होते हो, ताई,' असं म्हणून ती इतकी रडायला लागली की मला तिच्यावर रागवताही येईना, आणि मला ताई म्हणू नकोस असंही सांगता येईना. आईला यातलं काही माहीत नाही. आज मी जाऊन सांगितलं, तर ती तुझ्या माळ्यासाठी रडेल, येतो म्हणून गेलेल्या आणि परतीच्या वाटेवर वारलेल्या नवऱ्यासाठी, आणि उरलेलं आयुष्य आपण चुकीचं ऐकलं, आपण वाट बघायला हवी होती, म्हणून स्वतःला खात बसेल. तिला तिचा शब्द आधी परत मिळायला हवा, बातमी मग. आणि तो मी देऊ शकत नाही, मी शाळेत होते. तो शब्द निघाला तेव्हा घरात असलेल्या तिघांतला एक आता नाही, एकीचा स्वतःच्या कानांवर विश्वास उरलेला नाही, आणि तिसरा तू. तेव्हा मिळेल त्या गाडीने निघ. दार उघडंच असेल. आत शिरायच्या आधी, तू नाड्या बांधत बसला होतास त्या पायरीवर थांब, आणि तिला ऐकू जाईल असं स्वच्छ सांग, 'आई, बाबा जातो म्हणाले होते. मी ऐकलं होतं.' पुढचं मी सांगेन. मी तुझ्या मागेच उभी असेन.

तुझीच, दातांपलीकडेही बरंच काही माहीत असलेली,

ताई